घोडी म्हणता, मग लगामही हाती द्या

(द्वितीय वर्ष, कला)

आपल्याकडे मुलगी बारा-तेरा वर्षांची झाली की तिला घरातूनच एक पदवी बहाल होते. "एवढी मोठी घोडी झाली, तरी भाकरी थापता येत नाही!" ही ती पदवी. ती मिळवण्यासाठी परीक्षेला बसावे लागत नाही. पुढे मुलगी जरा मोठ्याने हसली, की "खिंकाळतेस काय?" असे विचारतात. मैत्रिणीकडे दोन वेळा गेली, की "चौखूर सुटली आहे" म्हणतात. आणि तिच्या लग्नाचा विषय निघाला, की चार वडीलधारी माणसे एकमताने सांगतात, "वेळीच लगाम घाला." मुलगा मोठा झाला म्हणजे तो घोड्यावर बसतो, मुलगी मोठी झाली म्हणजे ती स्वतःच घोडी होते! आपल्या भाषेने केलेली ही वाटणी मला फार दिवसांपासून खुपते आहे, आणि म्हणूनच हा लेखनप्रपंच.

मुलींना घोडे इतके का आवडतात, असा प्रश्न पुष्कळदा विचारला जातो. तो खोटा नाही. गावात वरात निघाली, नवरदेव मारुतीच्या पाराला निघाला, की घोडीभोवती गोळा होणाऱ्या पोरांत परकरातल्या पोरीच जास्त दिसतात. मुलांचे लक्ष बँडकडे आणि नाचण्याकडे असते. पोरी घोडीच्या पापण्या पाहत असतात. शाळकरी मुलींच्या वह्यांची मागची पाने पाहा. फुले आणि मोर यांच्या खालोखाल तिथे घोडा सापडतो. विलायतेत तर याचा केवढा पसारा आहे! तिकडे घोडेस्वारी शिकणाऱ्या मुलांत मुलींचीच संख्या फार मोठी आहे, आणि मुली व घोडे यांच्या कथा-कादंबऱ्यांची तिकडे एक वेगळी परंपराच आहे. 'ब्लॅक ब्यूटी' ही घोड्याची जगप्रसिद्ध आत्मकथा १८७७ साली लिहिली ती ॲना सिवेल या बाईनेच. लहानपणी पाय दुखावल्यामुळे तिला धड चालता येत नसे. कुठे जायचे तर घोडागाडीशिवाय गत्यंतर नव्हते.

या आवडीची कारणे सांगणारेही थोडे नाहीत. कोणी म्हणतात, मुलींना मुळातच मायेने काहीतरी सांभाळायला हवे असते. बाहुलीनंतर घोडा, घोड्यानंतर मूल. कोणी म्हणतात, घोडा दिसायला देखणा म्हणून. कोणी गालातल्या गालात हसून म्हणतात, घोड्यावरून येणाऱ्या राजपुत्राची ही वाट पाहणे आहे! मला यांतले एकही कारण पटत नाही. सांभाळायचेच असेल तर शेळीचे करडू घरोघरी आहे. देखणेपणाचेच म्हणाल तर मोर काय कमी देखणा? आणि राजपुत्राची गोष्ट ऐकताना मुलीचे लक्ष राजपुत्राकडे असते, हे तरी कशावरून? मी अनेक मैत्रिणींना विचारले. "घोड्याजवळ जायचे तर काय करावेसे वाटते?" त्यावर "त्याला कुरवाळावेसे वाटते" असे म्हणणाऱ्या दोघीतिघीच निघाल्या. बाकीच्यांचे उत्तर एकच होते, "बसून लांब जावेसे वाटते."

कुठे, ते कोणीच सांगितले नाही. नुसते लांब!

आमच्या घरी घोडा होता. माझे आजोबा टांगा चालवीत. मी जन्मले तेव्हा टांगा गेलेला होता; रिक्षा आल्या आणि टांग्याचे दिवस संपले. पण त्या घोड्याच्या गोष्टी मी आजीकडून पोटभर ऐकल्या आहेत. पहाटे उठून त्याला पाणी कोण दाखवी? आजी. बांधावरचे गवत कापून भारा डोक्यावर कोण आणी? आजी आणि माझ्या दोघी आत्या. लीद कोण काढी, चंदीचे हरभरे कोण भिजवी, पावसाळ्यात माशा बसू नयेत म्हणून धूर कोण करी? त्याच तिघी. आजोबा आजारी पडले म्हणजे खरारादेखील आजीच करी, आणि घोडा तिला मुकाट्याने करू देई. पण लगाम? तो या तिघींपैकी एकीच्याही हाती कधी आला नाही. मी एकदा विचारले, "आजी, तू कधीच बसली नाहीस?" ती म्हणाली, "लोके काय म्हनतीन?" एवढ्या तीन शब्दांत आमच्या घरातल्या बायकांचा सगळा इतिहास आला. जनावर सांभाळायचे बाईने, आणि ते घेऊन जायचे पुरुषाने. आजीचे त्या घोड्यावर प्रेम होते यात शंका नाही. परंतु त्या प्रेमाला मायेचे नाव देऊन मोकळे होणाऱ्यांनी तिला निदान एकदा विचारायला हवे होते, की बाई, तुला टांगा हाकायचा आहे काय?

आपल्या लहानपणी सर्वांनी ऐकलेले एक कोडे आहे. घोडा का अडला? भाकरी का करपली? पान का सडले? तिन्ही प्रश्नांचे उत्तर एकच, न फिरवल्यामुळे. हे कोडे घालणाऱ्याच्या मनात भाकरी फिरवणारी बाई आणि घोडा फिरवणारा पुरुष होता, हे उघड आहे. पण उत्तर दोघांनाही सारखेच लागू आहे. जे फिरत नाही ते करपते, सडते, अडते. मग मुलीला फिरू दिले नाही तर तिचे काय होते, हा चौथा प्रश्न त्या कोड्यात कोणी का घातला नाही?

यावर कोणी म्हणेल, घोडेस्वारी हा बायकांचा प्रांतच नव्हे. आपल्या परंपरेत ते बसत नाही. परंपरेचे नाव घेणाऱ्यांना मी विनंती करते, की त्यांनी ती जरा नीट तपासावी. आपल्या अमळनेरपासून पारोळे किती लांब आहे? पारोळ्याचा भुईकोट किल्ला १७२७ साली बांधला तो हरी सदाशिव दामोदर या जहागीरदारांनी, म्हणजे झाशीच्या नेवाळकर घराण्यातल्यांनी. १८५७ च्या उठावानंतर इंग्रजांनी तो जप्त केला. म्हणजे ज्या घरात राणी लक्ष्मीबाई सून म्हणून गेली, त्या घराचे एक पाळ आपल्या शेजारच्या तालुक्यात रुजलेले आहे. या राणीला घोड्याची पारख किती होती, याची एक हकीकत प्रसिद्ध आहे. विकायला आणलेले दोन घोडे दिसायला सारखेच उमदे. तिने दोन्हींवर बसून फेरी मारली, एकाला मोठी किंमत सांगितली आणि दुसऱ्याला अगदीच थोडी. कारण विचारले तेव्हा म्हणाली, याच्या छातीला मार लागलेला आहे. व्यापाऱ्याला ते कबूल करावे लागले. १८५८ च्या एप्रिलमध्ये वेढ्यातून बाहेर पडून तिने काल्पी गाठली ती घोड्यावरून, आणि त्याच वर्षी जूनमध्ये ग्वाल्हेरजवळ ती पडली तीही रणात, घोड्यावरून लढतानाच.

होळकरांच्या घराकडे पाहा. मल्हारराव होळकरांचे बालपण आपल्या खानदेशातच, तळोद्याला मामांच्या घरी गेले. त्याच घराण्यातील यशवंतरावांची मुलगी भीमाबाई १८१७ च्या डिसेंबरात महिदपूरच्या लढाईत इंग्रजांविरुद्ध स्वतः घोड्यावर बसून लढली.

आणि बायजाबाई शिंदे! कागलच्या घाटग्यांची ही मुलगी, दौलतराव शिंद्यांची राणी. ग्वाल्हेरची सत्ता हातून गेल्यावर १८३५ साली तिचा मुक्काम फतेगडला होता. तिथे फॅनी पार्क्स नावाची एक इंग्रज बाई तिला भेटायला गेली, आणि पुढे आपल्या प्रवासवर्णनात तिने ती हकीकत लिहिली. इंग्रज बायका तेव्हा दोन्ही पाय घोड्याच्या एकाच बाजूला सोडून बसत. हे बसणे पाहून मराठा बायकांना मोठे नवल वाटले. असे एका अंगाला बसून माणूस पडत कसे नाही? त्या स्वतः कासोटा घातलेल्या लुगड्यात, पुरुषांसारख्याच दोन्हीकडे पाय टाकून बसत. पार्क्सबाईने मग मराठा बायकांचा पोशाख घालून तसे बसून पाहिले आणि ती अगदी खूश झाली. आपल्या देशातल्या बायकांना एका बाजूला बसायला लावणाऱ्या रीतीलाच तिने नावे ठेवली! ज्या काळी विलायतेच्या बायका घोड्यावर वाकड्या बसत होत्या, त्या काळी आमच्या बायका सरळ बसत होत्या. मग मधल्या जवळजवळ दोनशे वर्षांत आमचे काय हरवले? लुगड्याचा कासोटा गेला, एवढेच उत्तर मला पुरेसे वाटत नाही.

या तर राण्या झाल्या, सामान्य बाईचे काय, असा आक्षेप रास्त आहे. त्याचेही उत्तर आपल्या रस्त्यावर दर वर्षी चालत येते. दिवाळीनंतर धुळे-साक्रीकडचे ठेलारी धनगर मेंढ्या घेऊन आपल्या शिवारात उतरतात, हे तुम्ही सर्वांनी पाहिले असेल. पुरुष मेंढरांमागे पुढे जातात. मागून बिऱ्हाड येते ते घोड्यांवर. भांडीकुंडी, पाल, कोंबड्या, कोकरे आणि कधी तर लहान मूलसुद्धा घोड्याच्या पाठीवर बांधलेले असते. हे सगळे तोलून बांधणारी, घोड्याचे कान पाहून त्याचा राग ओळखणारी आणि त्याला हाताशी धरून कोसच्या कोस चालणारी कोण? बाईच. तिला कोणी "हा तुझा प्रांत नव्हे" असे सांगत नाही. कारण तिच्यावाचून वाडा हलणारच नाही. म्हणजे कामाच्या वेळी घोडा बाईला चालतो. प्रश्न येतो तो मानाच्या वेळी, खोगिरावर बसायच्या वेळी.

आता मूळ प्रश्नाकडे येते. घोड्यात असे काय आहे, की मुलीचे मन त्याच्याकडे ओढ घेते?

माझ्या मते याचे उत्तर घोड्याच्या स्वभावात आहे. घोडा हा बलवान आहे, पण तो भित्राही आहे. वाघासारखा तो शिकार करणारा नाही. तो शिकार होणारा प्राणी आहे. म्हणून त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असतात आणि मान न वळवता त्याला जवळजवळ चहूकडचे दिसते. पान हलले तरी त्याचे कान तिकडे वळतात. पाठीवर बसलेल्या माणसाचे अंग ताठले, तरी त्याला कळते. माणसाचा चेहरा तो वाचतो. २०१६ साली इंग्लंडातील ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी घोड्यांना रागावलेल्या आणि हसऱ्या माणसांची छायाचित्रे दाखवली, तेव्हा रागीट चेहरा पाहून घोड्यांच्या छातीचे ठोके अधिक वेगाने वाढले.

हे वाचले तेव्हा मला वाटले, अरे, हे तर आमचेच वर्णन आहे! आमच्यासारख्या घरांत मुलगी काय शिकते? वडिलांच्या चपलांचा आवाज ऐकून आज घरात काय होणार ते ओळखायला. मोठ्या भावाच्या कपाळावरची आठी वाचायला. रस्त्याने जाताना मागून येणारी मोटारसायकल न वळता ओळखायला. सदैव सावध असणे हे आमचे पहिले शिक्षण. ते क्रमिक पुस्तकात नसते, पण त्यात नापास होऊन चालत नाही. आणि असाच सावध, असाच दचकणारा एक प्राणी आहे, की ज्याच्या अंगात चार-पाचशे किलोंचे बळ आहे आणि जो वाऱ्यासारखा धावू शकतो! भीती असूनही बळ असते, ही गोष्ट मुलीला दुसरे कोण सांगते? तिला तर कायम हेच सांगितले गेले, की तुला भीती वाटते, म्हणजे तुझ्यात बळ नाही. घोडा हे खोटे ठरवतो.

दुसरी गोष्ट अशी, की घोडा नुसत्या दंडाच्या जोरावर वळत नाही. पहिलवान त्याला ओढू लागला, तरी तो जागचा हलणार नाही. पण त्याचा विश्वास बसला, तर लहान मूलही त्याला नेते. घोड्यासमोर मुलगी आणि मुलगा सारखेच. हे मी भावनेच्या भरात लिहीत नाही. ऑलिंपिकमध्ये घोडेस्वारीत स्त्री-पुरुष एकाच स्पर्धेत, एकमेकांविरुद्ध उतरतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये स्त्रियांना या खेळाचे दार प्रथम उघडले, आणि त्याच वर्षी डेन्मार्कच्या लिस हार्टेल या बाईने पुरुषांच्या बरोबरीने उतरून रौप्यपदक मिळवले. तिला पोलिओ झालेला होता. गुडघ्याखाली पायांत शक्ती नव्हती, घोड्यावर चढायला आणि उतरायला मदत लागे. पण एकदा खोगिरावर बसली, की कोणाच्याही मागे नव्हती. आपल्या देशाने २०२३ साली चीनमधील हांगझाऊ येथे झालेल्या आशियाई स्पर्धेत घोडेस्वारीचे सुवर्णपदक ४१ वर्षांनी जिंकले. त्या चौघांच्या संघात दोन मुली होत्या. त्यांपैकी सुदीप्ती हाजेला ही होळकरांच्या इंदूरची.

यावर आमचे एखादे सर लगेच म्हणतील, "हे श्रीमंतांचे खेळ आहेत, त्यांचे घोडेही युरोपात असतात आणि सरावही." खरे आहे. माझ्या घरी आता घोडा येणार नाही, आणि आला तरी त्याला घालायला चंदी नाही, हे मला कळते. परंतु मी घोडा मागत नाही. घोड्याच्या आवडीत जी मागणी दडलेली आहे, ती ओळखा, एवढेच मागते. ती मागणी आहे जाण्याची. स्वतःच्या मर्जीने, स्वतःच्या वेगाने, कोणी पोचवायला न येता जाण्याची.

या मागणीला गरिबाघरचेही उत्तर असू शकते. बिहार सरकारने २००६ साली नववीतल्या मुलींना सायकली द्यायला सुरुवात केली, आणि पुढे अभ्यासकांना दिसून आले, की माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींची संख्या त्यामुळे लक्षणीय वाढली. शाळा तीच, पुस्तके तीच, मास्तर तेच. फक्त मुलीच्या हाताखाली हँडल आले. आपल्या राज्यातही गावच्या मुलींना एस.टी.ने शाळेत मोफत जाता येते. त्या योजनेला नाव दिले आहे अहिल्याबाई होळकरांचे. हे नाव फार योग्य आहे. पण ही सवलत बारावीपर्यंतच आहे. तेरावीला पास काढावा लागतो, आणि त्याच वर्षी पुष्कळ घरांत हिशेब मांडला जातो, की मुलाच्या पासाचे पैसे घालायचे की मुलीच्या. माझ्याबरोबर बारावी झालेल्या आमच्या गावच्या मुलींपैकी किती जणी आज या कॉलेजात आहेत, ते बोटांवर मोजता येते, आणि बोटे उरतात. त्या हुशार नव्हत्या असे नाही. त्यांचे जाणे थांबले, म्हणून त्यांचे शिकणे थांबले. आमच्या घरातून कॉलेजची पायरी चढणारी मी पहिली. ते मी इतरांहून शहाणी म्हणून नव्हे, तर आमच्या गावची सकाळची बस वेळेवर येते म्हणून!

दार उघडले की मुली काय करतात, हेही आपल्याच राज्यात दिसले आहे. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितल्यानंतर खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीत २०२२ साली मुलींना प्रथम प्रवेश मिळाला. तिथे घोडेस्वारी हा शिक्षणाचाच भाग आहे. ३० मे २०२५ रोजी पहिल्या सतरा मुली मुलांच्या खांद्याला खांदा लावून तिथून बाहेर पडल्या. त्यांना कोणी विचारले नसेल, की तुम्हाला घोडा का आवडतो? जिच्या हाती लगाम आहे, तिला हा प्रश्न पडत नाही आणि कोणी विचारीतही नाही. हा प्रश्न कुंपणाबाहेर उभ्या असलेल्या मुलीलाच विचारला जातो.

तेव्हा माझी सूचना साधी आहे. आपल्या जिमखान्याने एकदा तरी मुलींची सहल मार्गशीर्षात सारंगखेड्याला न्यावी. दत्तजयंतीला तापीकाठी एकमुखी दत्ताच्या यात्रेत घोड्यांचा केवढा बाजार भरतो! गुजरात, राजस्थान, पंजाब, उत्तर प्रदेश येथून घोडे येतात. कानांची टोके एकमेकांना भिडणारे मारवाडी आणि काठेवाडी घोडे, पांढरे शुभ्र नुकरे, चारही पाय आणि कपाळ पांढरे असलेले पंचकल्याणी तिथे पाहायला मिळतात. तिथे मुलींना नुसते लांबून दाखवू नका. एखाद्या शहाण्या, शांत घोडीवर पाच मिनिटे बसू द्या. आणि ज्यांना हे फार वाटत असेल, त्यांनी निदान आपल्या धाकट्या बहिणीला सायकल शिकवावी, तिच्या पासाचे पैसे भरावेत आणि ती कुठे निघाली हे विचारताना आवाज जरा खाली ठेवावा.

प्राध्यापकांनी आणि विद्यार्थिमित्रांनी माझे म्हणणे फाजील समजू नये. आम्हाला उधळायचे नाही. आम्हाला चालायचे आहे, आणि वेळ पडली तर दौडायचे आहे. आजवर लगाम आमच्या तोंडात होता, तो आता हातात हवा आहे. पेलेल की नाही, याची चर्चा कशाला? घोडामैदान जवळच आहे.